बिलिंगच्याच पोस्टग्रेसवर ॲनालिटिक्स करावं, की वेगळं काही घ्यावं?

शुक्रवारचा_बाजार (धागाकर्ता), शुक्र, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून लिहितोय.

म्हापशात घाऊक किराणा वितरणाचा धंदा आहे (शेठचा, माझा नव्हे, मी तिथला ‘कंप्युटरवाला’). पेडण्यापासून काणकोणापर्यंत दुकानं, हॉटेलं, किनाऱ्यावरचे शॅक. बिलिंग पोस्टग्रेसवर (टेबलांत डेटा ठेवणारा रिलेशनल डेटाबेस) चालतं. सहा वर्षांची बिलं, त्यातल्या तपशिलाच्या ओळी साधारण १ कोटी ४० लाख. आजवर रिपोर्ट म्हणजे महिन्याचा डेटा एक्सेलमध्ये ओढायचा आणि पिव्हट करायचं. परवा सहाही वर्षं एकदम ओढायला गेलो तर शीट १०,४८,५७६ व्या ओळीला संपली.

आता शेठच्या धाकट्याला हव्यात वेगळ्याच गोष्टी. कुठलं दुकान हळूहळू हात आखडतंय? कुठल्या मालाबरोबर कुठला माल जातो? चवथीला (गणेशचतुर्थीला) गूळ-मैदा किती भरायचा? एक सल्लागार येऊन गेले. म्हणाले, रिलेशनल डेटाबेस व्यवहार नोंदवायला, विश्लेषणाला क्लाउडवरचं वेअरहाउस (भाड्याचा वेगळा डेटाबेस) घ्या. महिन्याचं भाडं ऐकून शेठनी त्यांना चहा पाजला आणि गाडीपर्यंत सोडून आले.

मी आपली एक क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिली: प्रत्येक बिलासाठी त्याच दुकानाचं आदलं बिल शोधायचं आणि मधले दिवस मोजायचे. सव्वा तास झाला, संपेना. सकाळी अकराला लावली होती. काउंटरवरून फोन, “बिल निघायला एवढा वेळ का?” मारून टाकली.

सल्लागार खरं बोलत होते का?

चणेकार, रात्री ९:५२

बसलो पुडी घेऊन. सल्लागार चहावर सुटले हे त्यांचं नशीब.

वाळपईची_वाट, रात्री १०:३५

बाजारबाब, क्वेरीत आतली सबक्वेरी आहे ना? ‘या दुकानाची, या तारखेआधीची, सगळ्यात मोठी तारीख’ अशी? मग ती प्रत्येक बिलासाठी पुन्हा टेबल शोधायला जाते. दुकान आणि तारीख यांवर एकत्र इंडेक्स नसेल तर सव्वा तास सोडा, सव्वा दिवस लागेल. दोष डेटाबेसचा नाही.

यासाठी विंडो फंक्शन असतात. ‘लॅग’ वापरा. दुकानवार वाटे पाड (पार्टिशन बाय), प्रत्येक वाटा तारखेनं लाव (ऑर्डर बाय), आणि प्रत्येक ओळीला तिच्या आदल्या ओळीची तारीख दे, एवढंच सांगायचं. टेबल एकदाच वाचलं जातं, एकदाच लावलं जातं. तुमच्या आकाराला काही सेकंदांचं काम.

ग्रुप बायची (गट करून बेरीज काढण्याची) सवय असलेल्यांना हे पटकन पचत नाही. ग्रुप बाय म्हणजे नारळ पिळून काढलेला रस. सोलकढी छान होते, पण मग कुठल्या वाटीतून किती आला हे विचारायची सोय नाही. विंडो फंक्शन वाट्या तशाच मांडून ठेवतं आणि प्रत्येक वाटीवर चिठ्ठी लावतं: ‘तू तिसरी, आतापर्यंत एवढा रस, आदली वाटी अमुक दिवशी.’ चालू बेरीज, तीन महिन्यांची सरकती सरासरी, तालुक्यात विक्रीने कितवा नंबर, सगळं यातून येतं.

हे काही कालचं नाही. एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या २००३ च्या प्रमाणात आलं, पोस्टग्रेसमध्ये ८.४ पासून म्हणजे २००९ पासून आहे. मायएसक्यूएलला मात्र ८.० पर्यंत, २०१८ पर्यंत, थांबावं लागलं. म्हणून त्या घरात वाढलेली पुष्कळ मंडळी आजही छातीठोकपणे सांगतात की एसक्यूएलला हे जमत नाही.

आणखी एक. सॉर्ट मोठा असेल तर ‘वर्क मेम’ (सॉर्टला मिळणारी मेमरी) बघा. मूळ सेटिंग ४ एमबी असतं, त्याबाहेर गेलं की डिस्कवर लिहायला लागतं. तुमच्या सेशनपुरतं २५६ वगैरे करा. सगळ्यांसाठी नको, कारण ते प्रत्येक कनेक्शनच्या प्रत्येक सॉर्टला वेगळं मिळतं. आणि क्वेरीपुढे ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ लावून काय निघतं ते इथं टाका.

कोथरूड_ते_काणकोण, रात्री ११:०५

सल्लागार अगदीच चुकीचं बोलले नाहीत हो. पोस्टग्रेस ओळीनं साठवतं. विश्लेषणात तुम्हाला चाळीसपैकी तीन कॉलम लागतात, पण डिस्कवरून पूर्ण ओळ उचलावी लागते. कॉलमनं साठवणारे डेटाबेस याच कामासाठी जन्माला आले. आज १ कोटी ४० लाख आहेत, उद्या ५० कोटी झाल्या तर?

किसमूर, रात्री ११:१८

@कोथरूड_ते_काणकोण, म्हापशातून किराण्याच्या ५० कोटी ओळी जायला गोव्याच्या लोकसंख्येनं दिवसाला चार वेळा चवथ करायला हवी. हलके घ्या.

ज्यांना ओळ-कॉलम कळलं नाही त्यांच्यासाठी: पंगतीला दोनशे ताटं मांडली आहेत, प्रत्येकात भात, हुमण, किसमूर, तळलेला बांगडा. आता विचारलं, किसमूर एकूण किती लागलं? ओळवाल्याला दोनशे ताटांवरून फिरावं लागतं. कॉलमवाला रांधपघरात जाऊन एका टोपात डोकावतो. पण एका पाहुण्याचं ताट बदलायचं म्हटलं तर कॉलमवाल्याची चार टोपांकडे धावपळ. बिलिंगला ताट बरं, बेरजेला टोप बरा.

प्रश्न एवढाच की दोनशे ताटांसाठी केटरर बोलवायचा का.

कोथरूड_ते_काणकोण, रात्री ११:३१

उपमा मान्य. भूक लागली.

पण मग मधली वाट सुचवतो: डकडीबी. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतून २०१९ मध्ये आलेला, फुकट, सर्व्हर नको, लॅपटॉपवर एका फाइलमध्ये चालतो. कॉलमनं साठवतो, पोस्टग्रेसला जोडून तिथली टेबलं थेट वाचतो. एसक्यूएल जवळजवळ तेच. आहे तोही रिलेशनलच, म्हणजे धाग्याचं शीर्षकही शाबूत.

फेरीबोट, शनि, सकाळी ७:१०

अकराच्या फोनबद्दल कोणीच बोललं नाही. तिथंच खरी ठेच आहे.

वाचणारी क्वेरी पोस्टग्रेसमध्ये लिहिणाऱ्याला अडवत नाही, त्याला अडेल असं कुलूप लावत नाही. पण डिस्क आणि सीपीयू तर एकच ना. शिवाय तासभर चाललेली क्वेरी व्हॅक्युमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईला) जुन्या मेलेल्या ओळी उचलू देत नाही, टेबल फुगत जातं. म्हणून दिवसाढवळ्या चालू बिलिंगवर विश्लेषण नको.

आमच्याकडे (बंदराच्या बाजूचं ऑफिस, नाव नको) एक रेप्लिका (मुख्य डेटाबेसची सतत मागोमाग येणारी प्रत) ठेवली आहे, फक्त वाचायला. सुरुवातीला तिथंही लांब क्वेऱ्या मध्येच मरायच्या, ‘रिकव्हरीशी संघर्ष’ असा काहीतरी संदेश देऊन. कारण मुख्य सर्व्हरवर साफसफाई झाली की रेप्लिकाला ती लागू करायची असते, आणि ती तुमच्या क्वेरीसाठी मुळात ३० सेकंदच थांबते. ‘मॅक्स स्टँडबाय स्ट्रीमिंग डिले’ वाढवलं, शांतता झाली.

एवढा खटाटोप नको असेल तर रात्री दोनला डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घ्या, दुसऱ्या मशीनवर चढवा. कालपर्यंतचा डेटा मिळेल. हात आखडणारं दुकान शोधायला आजचं दुपारचं बिल कशाला हवं? पावसात मात्र यूपीएस तपासून घ्या. आमचा डंप एकदा दोन वाजून दहा मिनिटांनी विजेबरोबर गेला होता, आणि आम्हाला कळलं चार दिवसांनी.

जुना_कोबोल, सकाळी ८:४५

या वादाला इतिहास आहे, म्हाताऱ्याला दोन मिनिटं द्या.

रिलेशनल मॉडेल मांडलं एडगर कॉड यांनी, १९७० मध्ये, आयबीएममध्ये असताना. आणि ‘ओलॅप’ हा शब्द, म्हणजे विश्लेषणाचं काम व्यवहारांपासून वेगळं काढणारा, तोही १९९३ मध्ये त्यांच्याच लेखातून रूढ झाला. बापानंच मुलाला सांगितलं की हे तुझं काम नव्हे! फक्त त्या लेखामागे आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीचा पैसा होता, आणि ओलॅपचे जे बारा नियम दिले ते तिच्याच एसबेस या उत्पादनाला अगदी मापानं बसत होते. तेव्हा बाजारबाब, तुमचे सल्लागार फार जुन्या परंपरेतले आहेत.

कॉड यांना बाराची आवड होती. १९८५ मध्ये रिलेशनलचेही बारा नियम दिले होते. मोजले तर तेरा, कारण सुरुवात शून्यापासून.

चणेकार, सकाळी ८:५०

शून्यापासून मोजणारा माणूस किराण्याच्या दुकानात टिकला नसता.

शून्य_नव्हे_नल, सकाळी १०:२०

वेग, वेग, वेग. उत्तर चुकीचं आलं तर ते दोन सेकंदांत येऊन काय उपयोग? माझे दोन फटके ऐका.

पहिला. ‘यंदा एकदाही न आलेली दुकानं’ काढायला ‘नॉट इन’ वापरलं. उत्तर शून्य. साहेब खूश, एकही गिऱ्हाईक सुटलं नाही. खरं म्हणजे आतल्या यादीत एका बिलावर दुकानाचा क्रमांकच नव्हता, नल होता. नल असलेल्या यादीवर ‘नॉट इन’ कधीच ‘होय’ म्हणत नाही, कारण ती रिकामी जागा कोण आहे हे त्याला माहीत नसतं. ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरलं, आणि जी यादी आली ती साहेबांना दाखवायला धीर गोळा करावा लागला.

दुसरा. बिल, बिलाच्या ओळी आणि मिळालेल्या पावत्या तिन्ही एकत्र जोडल्या. ज्या बिलात ५ ओळी आणि २ पावत्या, तिथं १० ओळी तयार होतात. बेरीज केली, विक्री चिक्कार! दोन दिवस ऑफिसात पेढ्यांची भाषा चालू होती. ओळींची बेरीज वेगळी करा, पावत्यांची वेगळी करा, मग बिलाला जोडा.

तारखेचंही बघा. सर्व्हर यूटीसीवर (आपल्या साडेपाच तास मागे) असेल तर पहाटे चारचं बिल आदल्या रात्रीचं साडेदहा होतं. दूध, पाव, नुस्ते (मासळी) यांची सगळी उलाढाल पहाटेची. एक तारखेची विक्री गेल्या महिन्यात जाऊन बसते.

वाळपईची_वाट, सकाळी १०:४१

+१. पेढ्यांचं वाचून हसले, मग आपल्या जुन्या क्वेऱ्या तपासायला उठले.

शुक्रवारचा_बाजार, दुपारी १:१५

देव बरें करूं, सगळ्यांक! लॅग लावला. वाळपईच्या ताईंनी सांगितलेला इंडेक्स केला, सेशनपुरतं वर्क मेम वाढवलं. सात सेकंद. मी दोनदा चालवून बघितलं, खोटं वाटत होतं.

आता नवी कटकट. तालुक्याप्रमाणे, गावाप्रमाणे विक्री हवी आहे. गावाचं नाव बिल करणारा हातानं टाइप करतो, इंग्रजीत. डिचोली म्हणजे डिचोली, बिचोलिम, दिवचल. साखळीचं सांकेलिम, पेडण्याचं पर्नेम, केप्याचं क्वेपेम, हणजुण्याचं अंजुना. एकट्या म्हापशाची अकरा स्पेलिंगं सापडली. ट्रायग्राम म्हणून काही असतं असं वाचलं, त्यानं जुळेल का?

किसमूर, दुपारी १:४०

म्हापशाची जुळतील. बाकीच्यांत घोळ होईल, मी केलाय.

ट्रायग्राम म्हणजे शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि समान किती ते मोजायचं. मूळ मर्यादा ०.३. त्यात काही जुळेना म्हणून मी ०.२ वर आणली. तर शिवोलीचं सिओलिम आणि कुंकळ्ळीचं कुंकोलिम एक होऊन बसले, कारण दोघांची शेपटी तीच: ‘ओ-एल-आय-एम’. एक बार्देशात, दुसरं सासष्टीत, मध्ये दोन नद्या. आणि साखळी-सांकेलिम तरीही जुळले नाहीत ते नाहीतच!

पोर्तुगीज कारकुनानं ऐकून लिहिलेलं नाव कुठलाही अल्गोरिदम परत फिरवू शकत नाही. सरळ टेबल करा: एका कॉलममध्ये लोक लिहितात ते, दुसऱ्यात खरं नाव. आमचं दोनशे-तीनशे ओळींत संपलं. एक दुपार, दोन चहा. आणि नवीन बिलाला टायपिंग बंद, यादीतून निवडायला लावा.

सासष्टीकर, दुपारी २:०५

‘खरं नाव’ म्हणजे कुठलं हो? डिचोली खरं की दिवचल?

पेडणेकार, दुपारी २:१२

डिचोली. शाळेच्या दाखल्यावर तेच आहे.

सासष्टीकर, दुपारी २:१४

दाखला कोणी लिहिला त्यावर आहे ते. माझ्या आजीनं जन्मात डिचोली म्हटलं नाही.

*(यानंतरचे २३ प्रतिसाद हलवले आहेत.)*

संपादक, दुपारी ३:५०

भाषेचा धागा वेगळा आहे, तिथं १९६७ च्या जनमत कौलापासूनची मंडळी बसलेली आहेत. इथं डेटाबेसवर बोला.

फेरीबोट, दुपारी ४:०२

तांत्रिक उत्तर: गावाला एक क्रमांक द्या, नावं कितीही ठेवा. आजीला दिवचल दिसेल, शाळेला डिचोली.

कोथरूड_ते_काणकोण, दुपारी ४:३०

हे मात्र वेअरहाउस घेतलं असतं तरी करावं लागलंच असतं, हे कबूल करतो. तिथं फक्त अकरा म्हापसे जास्त वेगानं मोजले गेले असते.

मांडवीकाठ, सायं. ६:२०

धागा आता बघितला. एक्सेलच्या ओळी संपण्यावरून: ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६,००० रुग्ण रोजच्या आकड्यातून गळाले होते. कारण फाइल जुन्या एक्सेल प्रकारातली, तिची मर्यादा ६५,५३६ ओळी. पुढच्या ओळी चुपचाप गेल्या. तुमची शीट निदान डोळ्यांदेखत संपली.

मूळ प्रश्नाकडे. ‘हात आखडणारं दुकान’ कसं काढताय? पोस्टग्रेसमध्ये ‘रेगर स्लोप’ आहे, महिन्याच्या विक्रीवर सरळ रेषेचा उतार देतो. मोह आवरा. ऑक्टोबर ते जूनचा डेटा घेतलात तर कळंगुटचे सगळे शॅक तुम्हाला सोडून चाललेत असं दिसेल. ते पावसात उतरवतात हो! दुकानाची तुलना त्याच दुकानाच्या गेल्या वर्षीच्या त्याच हंगामाशी करा. उधारीचे दिवसही सरासरीनं नको, मध्यकानं बघा (‘पर्सेंटाइल कंट’, ९.४ पासून आहे). एका हॉटेलनं वर्षभर पैसे थकवले की सरासरी सगळ्या तालुक्याला बदनाम करते.

मात्र पुढच्या वर्षीचा अंदाज बांधायचा असेल, हंगाम वेगळा काढून वगैरे, तर ते एसक्यूएलमध्ये ओढूनताणून करू नका. आठवड्याचे आकडे इथं तयार करा आणि पायथनला द्या. तिथवर १ कोटी ४० लाखांच्या काही हजार ओळी झालेल्या असतात.

वाळपईची_वाट, सायं. ६:४५

आणि तो आठवड्याचा आकडा रोज नव्यानं काढू नका. मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचं साठवून ठेवलेलं उत्तर) करा, रात्री रिफ्रेश करा. ‘कनकरंटली’ लावलंत तर रिफ्रेश चालू असतानाही जुने आकडे वाचता येतात. त्याला व्ह्यूवर एक युनिक इंडेक्स लागतो, नाहीतर नकार मिळेल. मला मिळाला होता, रात्री साडेअकराला.

शुक्रवारचा_बाजार, मंगळ, रात्री १०:२५

तीन दिवस गायब होतो, गावांचं टेबल करत होतो. २६४ ओळी. किसमूरबाब, चहा पाच झाले.

डंप रात्रीचा लावला, जुन्या डेस्कटॉपवर चढतो. व्ह्यू केला. बिचोलिमला क्रमांक मिळाला. पण सांगायची गोष्ट वेगळीच.

शेठचा धाकटा गेले दोन महिने म्हणत होता की २०२५ चा सप्टेंबर पडला, २०२४ च्या मानानं फारच पडला, गिऱ्हाईक तुटतंय. मला मांडवीकाठ यांचं ‘त्याच हंगामाशी’ आठवलं. चवथ बघितली: २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. आमची चवथीची सगळी खरेदी आदल्या दोन आठवड्यांत होते. म्हणजे २०२४ मध्ये तिचा बराच भाग सप्टेंबरात, २०२५ मध्ये ती सगळीच्या सगळी ऑगस्टात. महिन्याला महिना लावून बघणारा फसणारच.

मग तारखांचं एक टेबल केलं, दिवसाला एक ओळ, आणि त्यात कॉलम घातला: चवथीला किती दिवस. उणे १४ ते अधिक १०. बिलं त्याला जोडली आणि तीन वर्षं त्या दिवसांवर एकाखाली एक लावली. रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. गूळ उणे नवव्या दिवशी उसळतो, मैदा त्याच्या दोन दिवस आधी. सप्टेंबर पडलेलाच नव्हता.

खरंच आखडलेली दुकानं सापडली, पण चौदाच. त्यातल्या तिघांकडे आमचीच गाडी आठवड्यातून दोनदाऐवजी एकदा जायला लागली होती.

शून्य_नव्हे_नल, रात्री १०:४०

दंडवत. वाचनखूण साठवली.

कोथरूड_ते_काणकोण, रात्री १०:४४

ते चौदातले तीन सोन्याचे. कार्निव्हल घातलात का त्या टेबलात? तोही फिरतो. २०२४ मध्ये फेब्रुवारीत होता, २०२५ मध्ये मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

शुक्रवारचा_बाजार, रात्री १०:५२

घातला. ईद, नाताळ, शिगमोही. जून-जुलैची मासेमारी बंदीही घातली, कारण त्या ६१ दिवसांत आमची डाळ आणि सुकं खपतं. अडलंय फक्त पुरुमेंत. मे महिन्यात लोक पावसाळ्याची बेगमी करतात हे आकड्यांत स्पष्ट दिसतं, पण ते कुठल्या तारखेवर टांगायचं?

चणेकार, रात्री ११:०३

तारीख कसली? मिरच्या कडक सुकल्या की पुरुमेंत.

सासष्टीकर, रात्री ११:१०

आजी मिरग लागायच्या आधीचे पंधरा दिवस धरायची. मिरग ७ जूनच्या आसपास.

शुक्रवारचा_बाजार, रात्री ११:१२

म्हणजे २३ मे. टाकला कॉलम. रात्रीच्या रिफ्रेशला लावतो, सकाळी सांगतो.